नर्तकाचे पाय आणि कॅमेऱ्याची चौकट

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वी आमच्या कथकच्या बाईंनी आपला वर्ग बंद केला. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे झिजलेले, डॉक्टरांनी पायांवर भार देण्यास सक्त मनाई केलेली. शेवटच्या दिवशी आम्हां पाचसहा जणींच्या आग्रहाखातर त्या भिंतीला एक हात टेकून उभ्या राहिल्या व त्यांनी तीनतालात तत्काराची आठ आवर्तने केली. घुंगरू बांधले नव्हते. मी ते सारे मोबाईलवर टिपले. वर्ग सुटल्यावर बाईंना दाखविले, तेव्हा त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिले आणि विचारले, "अगं, पण पाय कुठे आहेत?"

पाय खरोखरच नव्हते. बाईंच्या चेहऱ्यावरचा भाव नीट यावा म्हणून मी नकळत पुढे सरकले होते. चौकटीत कमरेपर्यंतच्या बाई होत्या, भिंतीवरचा हात होता, पावलांचा आवाज होता. पावले तेवढी नव्हती. ज्या पायांकडे पाहून मी सात वर्षे शिकले, ते माझ्या हातून निसटले आणि आता पुन्हा टिपता येण्यासारखेही राहिले नाहीत.

त्या चुटपुटीतून हा लेख निघाला आहे. नृत्य आणि कॅमेरा यांचे नेमके नाते काय, आणि या नात्यात पुढे संगणक शिरला तेव्हा काय झाले, हे समजून घ्यावे म्हणून मी वर्षभर मिळेल ते पाहिले आणि वाचले. या विषयाचा समग्र इतिहास देण्याचा आव येथे आणलेला नाही. माझ्या प्रश्नाला ज्यांच्याकडून काही उत्तर मिळाले त्यांच्यापुरतेच लिहिते. वाङ्मयाच्या विद्यार्थिनीने नृत्यावर लिहावे यात कुणाला आगाऊपणा वाटल्यास त्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवते.

पहिले उत्तर मिळाले ते माया डेरेन या अमेरिकन चित्रपटकर्तीकडून. 'अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा' हा तिचा लघुपट १९४५ सालचा. जेमतेम तीन मिनिटांचा, मूक आणि कृष्णधवल. नर्तक एकच, टॅली बीटी. हा बीटी कॅथरीन डनहॅम यांच्या नृत्यपथकातला, आणि डेरेनही काही काळ डनहॅम यांची चिटणीस होती. चित्र सुरू होते ते झाडांच्या राईत. कॅमेरा स्वतःभोवती सावकाश फिरतो आणि दर थोड्या अंतराने तोच नर्तक पुन्हा दिसतो, जणू तो एकाच वेळी चार ठिकाणी उभा आहे. मग तो राईत पाय वर उचलतो, आणि तो पाय खाली टेकतो तो एका घरातल्या खोलीत. तेथून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या दालनात, आणि शेवटी एक प्रदीर्घ झेप. ही झेप अनेक तुकडे जोडून तयार केलेली आहे. कोणत्याही मानवी देहाला इतका वेळ हवेत राहता येणार नाही; परंतु पाहताना आपण त्या नर्तकाबरोबर श्वास रोखून धरतो.

या तीन मिनिटांत मला एक गोष्ट लख्ख कळली. डेरेनने नाच टिपलेला नाही. तो नाच टिपण्यापूर्वी कोठेही अस्तित्वातच नव्हता. राईतून खोलीत येणारे पाऊल कोणत्याही रंगमंचावर टाकता येत नाही. ते फक्त संकलनाच्या मेजावर पडते. म्हणजे येथे कॅमेरा हा पुढल्या रांगेतला प्रेक्षक नसून दुसरा नर्तक आहे. मी बाईंसमोर उभी होते ती प्रेक्षक म्हणून, आणि तीही बेसावध प्रेक्षक.

हा विचार एकट्या पश्चिमेकडचा आहे असे समजण्याचे कारण नाही. उदय शंकर यांचा 'कल्पना' हा चित्रपट १९४८ सालचा. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत तो चित्रित झाला. हा त्यांचा एकमेव चित्रपट. त्यातली नृत्ये नाटकगृहातून उचलून कॅमेऱ्यापुढे ठेवलेली नाहीत. प्रकाश, सावल्या, कॅमेऱ्याचा कोन यांचा विचार रचनेतच झालेला आहे. पुढे कित्येक वर्षे तो दुर्मिळ होऊन बसला होता. नूतनीकरणानंतर २०१२ साली कान महोत्सवात तो दाखविला गेला तेव्हा नव्या पिढीला त्याची ओळख झाली. उतारवयात, १९७० च्या सुमारास, याच कलावंताने कलकत्त्यात 'शंकरस्कोप' नावाचा प्रयोग केला. त्यात पडद्यावर चित्रपट आणि समोर प्रत्यक्ष नट-नर्तक यांची सांगड घातलेली होती. पडद्यावरचे पात्र बघता बघता रंगमंचावर अवतरत असे. आज ज्याला आपण अगदी अलीकडचा शोध मानतो तो आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. उदय शंकरांच्या अलमोडा येथील केंद्रात शिकलेला एक तरुण १९४४ साली पुण्याच्या प्रभात कंपनीत दाखल झाला आणि १९४६ च्या 'हम एक हैं'चे नृत्यदिग्दर्शन त्याने केले. तो तरुण म्हणजे गुरुदत्त. त्यांच्या चित्रपटांतली गाणी पाहताना कॅमेरा माणसांबरोबर लयीत सरकतो असे जे आपल्याला वाटते, त्याची मुळे अलमोड्यापर्यंत जात असावीत, असा माझा तर्क आहे.

पण माझ्या प्रश्नाशी सर्वांत अधिक काळ झुंजला तो मर्स कनिंगहॅम. १९१९ साली जन्मलेला हा अमेरिकन नर्तक प्रथम मार्था ग्रॅहॅम यांच्या पथकात होता. १९५३ साली त्याने स्वतःचे पथक काढले आणि २००९ साली मृत्यू येईपर्यंत तो नृत्ये रचत राहिला. संगीतकार जॉन केज हा त्याचा आयुष्यभराचा सोबती. या दोघांनी एक विलक्षण गोष्ट केली. नृत्य आणि संगीत यांची फारकत केली. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी घडतील. परंतु कोणीही कोणाच्या मागे चालणार नाही. समेवर येण्यासाठी जीव टाकणाऱ्या आम्हां कथकवाल्यांना हे पचणे कठीण. मला अजूनही ते पूर्णपणे पटलेले नाही.

तथापि या माणसाचा आपल्या परंपरेशी आलेला संबंध सांगितला पाहिजे. केजला भारतीय संगीताची व सौंदर्यविचाराची ओळख १९४६ साली गीता साराभाई यांच्यामुळे झाली. १९५१ सालच्या 'सिक्स्टीन डान्सेस' या कनिंगहॅमच्या रचनेचा आधार आहे आपले नवरस. शृंगार, वीर, करुण हे सारे त्यात आहेत आणि शेवट शांतरसाने होतो. बाकीच्या रसांत आधी शोक यावा की क्रोध, हे काही केल्या ठरेना, तेव्हा त्याने चक्क नाणे उडविले. रचनेत दैवाला हात घालू देण्याची त्याची प्रसिद्ध पद्धत येथून सुरू झाली. भरताच्या नाट्यशास्त्रावर आम्हांला जी टिपणे उतरवून घ्यावी लागतात त्यांत ही हकीकत एखाद्या ओळीने तरी यावी, अशी प्राध्यापकांना नम्र सूचना. १९६४ च्या जगदौऱ्यात कनिंगहॅमचे पथक मुंबई, अहमदाबाद आणि दिल्ली येथेही येऊन गेले होते.

भारतातून परतल्यानंतर, १९६५ च्या जुलैत, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये 'व्हेरिएशन्स फाइव्ह' झाले. मंचावर काठ्यांसारख्या अँटेना उभ्या केल्या होत्या. नर्तक त्यांच्या जवळून गेला की ध्वनियंत्रणेला इशारा जाई. त्या अँटेना तयार केल्या होत्या पुढे सिंथेसायझरमुळे जगप्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट मूगने. प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या विजेऱ्याही होत्या; पण मंचावरच्या दिव्यांशी त्यांचे जमेना, तेव्हा ऐनवेळी त्या अँटेनांच्या पायथ्याशी हलवाव्या लागल्या. मागे स्टॅन व्हॅन्डरबीक याने तयार केलेली चलच्चित्रे आणि नाम जून पाइक याच्या विकृत केलेल्या दूरदर्शन-प्रतिमा. शेवटी कनिंगहॅम स्वतः सायकलवर बसून त्या अँटेनांच्या जंगलातून फिरला. येथे नर्तकाचे पाऊल हे कळ बनले. अर्थात कोणता ध्वनी प्रत्यक्ष ऐकू जाऊ द्यायचा हे यंत्रांपाशी बसलेल्या केज वगैरे मंडळींच्या हाती होते. हा प्रयोग वाचताना मला आमचे घुंगरू आठवले. पाऊल पडले की आवाज, ही युक्ती आपल्याकडे शतकानुशतके आहे आणि तिला वीज लागत नाही.

माझ्या मोबाईलच्या चुकीचे शास्त्र मात्र मला सापडले ते कनिंगहॅमच्या पुढल्या टप्प्यात. १९७४ पासून त्याने चार्ल्स अॅटलस या तरुण चित्रपटकर्त्याबरोबर केवळ कॅमेऱ्यासाठी नृत्ये रचण्यास आरंभ केला. 'वेस्टबेथ' हे त्यांतले पहिले. त्यासाठी कनिंगहॅम स्वतः कॅमेऱ्यातून पाहायला शिकला. त्याच्या ध्यानात आले की, रंगमंच आणि कॅमेरा यांच्या जागेचा आकारच वेगळा आहे. रंगमंच प्रेक्षकाच्या बाजूला रुंद असतो. कॅमेऱ्याची जागा उलट, भिंगापाशी निमुळती आणि मागे जावे तशी पसरत जाणारी. कागदावर त्रिकोण काढा. त्याचे टोक म्हणजे कॅमेरा. टोकाजवळून आडवा जाणारा नर्तक दोन पावलांत चौकटीबाहेर पडतो. तोच दूर मागे असेल तर बराच वेळ दिसत राहतो, पण मुंगीएवढा. जवळ गेलात तर पाय जातात, दूर गेलात तर डोळे जातात.

दोन्ही एका चौकटीत मावत नाहीत, हा कॅमेऱ्याचा दोष नाही. तो त्या जागेचा धर्म आहे. म्हणून कनिंगहॅमने नाच कॅमेऱ्यापुढे न ठेवता त्या त्रिकोणाच्या मापाने नव्याने बेतला. कोण मागून पुढे येईल, कोण कडेने अकस्मात आत शिरेल, कोणाचा केवळ हात दिसेल, हे सारे रचनेचाच भाग झाले. वेळेचीही तीच गत. मंचावर जी हालचाल चार वेळा पाहवते ती पडद्यावर दुसऱ्यांदाच जड वाटू लागते. प्रेक्षकाचा डोळा दूरदर्शनमुळे जलद पाहायला सरावला आहे, हे ओळखून त्याने आपल्या रोजच्या वर्गातही द्रुत लयीचे व्यायाम घातले. कॅमेऱ्याने मंचावरच्या नाचाची लय बदलली ती अशी.

या काळातल्या दोन चित्रफिती मला विशेष आवडल्या. 'ब्लू स्टुडिओ' ही १९७५-७६ ची. एका लहानशा स्टुडिओत निळ्या पार्श्वभूमीपुढे कनिंगहॅम एकटा नाचला. नंतर ती निळी जागा काढून तेथे दुसरी दृश्ये बसविली. शेवटी तर पाच कनिंगहॅम एकाच चौकटीत वावरताना दिसतात. दुसरी 'लोकॅल', १९७९-८० ची. तीत कॅमेरे स्वतःच धावतात. एक अंगाला बांधून चालविण्याचा, एक चाकांच्या गाडीवरचा. पडद्यावर सर्व कसे अलगद, तरंगत गेल्यासारखे दिसते. पण अॅटलसने त्याच चित्रणाच्या पाठीमागची गंमत 'रोमिन वन' या छोट्या पटात दाखविली आहे. चौकटीबाहेर नर्तक वाकून पळताहेत, कॅमेरा आपल्यावर येण्याच्या आत दुसऱ्या जागी पोहोचण्यासाठी त्यांची त्रेधा उडते आहे, तारा ओढणाऱ्यांना चुकवीत आहेत. म्हणजे एक नाच चौकटीच्या आत आणि दुसरा, अधिक दमविणारा, बाहेर. आमच्या स्नेहसंमेलनाच्या पडद्यामागे जे चालते त्याहून फारसे निराळे नव्हे!

आता संगणक. १९८९ साली, वयाच्या सत्तरीत, कनिंगहॅमने 'लाइफफॉर्म्स' नावाची संगणकप्रणाली वापरण्यास सुरुवात केली. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात ती तयार झाली होती. तिच्या निर्मात्यांपैकी थेक्ला शिफोर्स्ट ही स्वतः नृत्याची जाणकार आणि तिने कनिंगहॅमबरोबर बसून काम केले. पडद्यावर कड्याकड्यांची एक मानवाकृती असते. तिचा गुडघा, कंबर, मान, कोपर हवे तसे वळवून एक स्थिती ठरवायची, मग दुसरी ठरवायची. एकीतून दुसरीत कसे जायचे ते संगणक भरून काढतो. संधिवातामुळे कनिंगहॅमचे पाय तोवर पार थकले होते. ज्याला स्वतःच्या अंगावर हालचाल करून पाहता येत नाही, त्याला ती पडद्यावर करून पाहता येऊ लागली. 'ट्रॅकर्स' हे १९९१ चे नृत्य या पद्धतीतून आलेले पहिले. त्यात तो स्वतः एक आधाराचा कठडा घेऊन मंचावर आला होता. हे वाचले तेव्हा भिंतीला टेकलेला बाईंचा हात डोळ्यांपुढे आला.

त्यामुळे काम सोपे झाले असा मात्र समज नको. पडद्यावरच्या बाहुल्याला तोल सांभाळावा लागत नाही; त्याला वजनच नाही. पायांची एक रचना, धडाची दुसरी, हातांची तिसरी, असे तीन वेगवेगळे हुकूम नर्तकांना एका शरीरात बसवावे लागत. आधी पाय शिकायचे, मग त्यावर धड, मग हात. १९९० नंतरची त्याची नृत्ये पाहिली की हात जणू दुसऱ्याच कुणाचे आहेत असे वाटते, त्याचे कारण हे. १९९३ च्या एका नृत्याचे नाव तर 'सी-आर-डब्ल्यू-डी-एस-पी-सी-आर' असे आठ अक्षरांचे आहे. संगणकात नोंदीच्या नावाला तेव्हा आठच अक्षरे चालत, म्हणून स्वर गाळले, आणि तेच नाव कायम ठेवले. नृत्याचे नामकरण यंत्राच्या अडचणीतून झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

यापुढची पायरी १९९९ सालच्या 'बायपेड'ची. पॉल कायझर आणि शेली एशकार या दोन कलावंतांनी नर्तकांच्या सांध्यांवर प्रकाश परतविणारे ठिपके लावून, त्या ठिपक्यांच्या हालचाली भोवतालच्या कॅमेऱ्यांनी टिपून घेतल्या. यात देह टिपला जात नाही, टिपले जातात फक्त अवकाशातले बिंदू. त्या बिंदूंवरून त्यांनी हाताने काढलेल्या खडूच्या रेषांसारख्या आकृती उभ्या केल्या. बर्कली येथील पहिल्या प्रयोगात मंचाच्या पुढच्या बाजूस पारदर्शक जाळीचा पडदा होता. त्यावर या रेषांच्या महाकाय आकृती चालत जात आणि त्यांच्या पलीकडे चमकदार वेषातले खरे नर्तक नाचत. गॅव्हिन ब्रायर्स यांचे संगीत. चित्रफितीवर पाहतानासुद्धा क्षणभर कळत नाही की अलीकडचे कोण आणि पलीकडचे कोण. याच जोडीने त्याच वर्षी बिल टी. जोन्स या नर्तकाबरोबर 'घोस्टकॅचिंग' केले. त्यात नर्तक नाहीच. त्याच्या हालचालींतून उठलेल्या रेषाच नाचतात.

येथे माझे मत नोंदविते. बिंदूंचे हे टिपण सांध्यांचा मार्ग अचूक धरते. पाऊल कोठून कोठे गेले हे त्यात सापडते. पण तत्कारात पाऊल कोठे गेले याला फारसे महत्त्वच नाही. ते जवळजवळ जागच्या जागीच असते. महत्त्व असते ते किती वजनाने पडले, टाच आधी की पूर्ण तळवा, जमिनीने त्याला काय उत्तर दिले, याला. ही यंत्रणा बाईंच्या पायांना लावली असती तर पडद्यावर दोन ठिपके खालीवर होताना दिसले असते. कनिंगहॅमचा नाच अवकाशात रेषा काढणारा, म्हणून त्याला हे साधन शोभले. प्रत्येक नृत्यप्रकाराला तेच शोभेल असे म्हणणे म्हणजे सर्व भाषांना एकच लिपी पुरेल असे म्हणण्यासारखे आहे.

कथकला यंत्र अजिबात मानवत नाही, असे मात्र नाही. लंडनमध्ये जन्मलेला, बांगलादेशी कुटुंबातला अक्रम खान हा प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकला. त्याचे 'देश' हे २०११ सालचे एकल नृत्य. त्यात एका प्रसंगी मंचावरील झिरझिरीत पडद्यावर पांढऱ्या रेषांचे अख्खे अरण्य उमटते आणि तो त्या चितारलेल्या झाडावर चढतो, जनावरांना भेटतो. येथे चित्र नर्तकाला प्रतिसाद देत नाही, ते आधीच तयार आहे. नर्तकालाच क्षणाक्षणाला त्याच्याशी जमवून घ्यावे लागते. म्हणजे पुन्हा सम आलीच. ठेका तबल्याचा नसून चित्राचा, एवढाच फरक. लेहऱ्यावर वाढलेल्या नर्तकाला ते साधते यात मला नवल वाटले नाही.

कनिंगहॅमने मरणापूर्वी ठरवून ठेवले होते की, आपल्या पश्चात पथकाने दोन वर्षांचा अखेरचा दौरा करावा व विसर्जित व्हावे. त्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये शेवटचा प्रयोग झाला. नृत्ये मात्र 'डान्स कॅप्सूल' या नावाने बांधून ठेवली आहेत. प्रत्येक नृत्यासाठी चित्रफिती, त्याची स्वतःची टिपणे, ध्वनी, प्रकाशयोजना, वेषांचे तपशील, सारे एकत्र. तरीही एखाद्या पथकाला ते नृत्य बसवायचे असेल तर जुना नर्तक शिकवायला जातो. संगणकावर इतकी भिस्त ठेवणाऱ्या माणसाच्या नृत्यांनासुद्धा शेवटी बाई लागतेच.

वार्षिक परीक्षा संपल्यावर मी बाईंकडे पुन्हा गेले. हा सारा अभ्यास त्यांना जमेल तसा सांगितला. कड्यांचा बाहुला त्यांना मुळीच आवडला नाही; कनिंगहॅमच्या गुडघ्यांची चौकशी मात्र त्यांनी बारकाईने केली. मग आम्ही ठरविले ते असे. बाई खुर्चीवर बसून पढंत करतील आणि पायांचे वजन मांडीवर हाताने दाखवतील. तत्कार मी करीन. एक मोबाईल दूर, दाराबाहेर, पूर्ण खोली येईल असा. दुसरा जमिनीवर विटेला टेकवून, केवळ माझी पावले आणि बाईंच्या खुर्चीचे पाय दिसतील असा. तिसरा बाईंच्या हातांवर. तिन्ही घेऊन झाल्यावर मी ते घरी जोडले. आठ आवर्तने आहेत. पाचव्यात माझी सम अर्ध्या मात्रेने चुकली आहे आणि बाईंचा हात मांडीवरून उचलून हवेतच थांबलेला दिसतो. तो तुकडा काढून टाकण्याची परवानगी मी मागितली. त्यांनी दिली नाही.